दरवानाचा रंग

"दाजी, जाऊ का पुढं? का दगडांशी गप्पा संपायच्यात अजून?"

फोनमधून नौजरचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग इंजिनांचा घरघराट. कियूमर्स बाबादीने मायक्रोस्कोपवरून मान वर केली. गप्पा कसल्या आल्यात? भिंगाखाली चिमूटभर चुरा ठेवून तो कधीचा त्यात डोळे घालून बसला होता आणि त्याला नुसतं धुकं दिसत होतं. करडं धुकं, आणि मधोमध एक काळा डाग. डोळा हलवला की डागही सोबत हलायचा.

"थांब की जरा. विहीर काही पळून चालली नाही."

"विहीर नाही पळत, सबूरी पळतोय. तो बघा, निघाला माझ्याकडं. आईबापांनी नाव सबूरी ठेवलं आणि सबुरी तेवढी द्यायची विसरले."

कियूमर्स हसला. रिगच्या साहेबाची थट्टा ऐकून हसणं त्याला अजून जमत होतं. "जा, एक मीटर जा. मग थांब, आणि चुरा वर येऊन मी सांगेपर्यंत दांड्याला हात लावू नकोस."

"चश्म!" म्हणून नौजरने फोन ठेवला.

हुकूम मानताना इथे सगळेच 'चश्म' म्हणतात, म्हणजे डोळ्यांवर घेतला तुमचा शब्द. पण तंगे-सियाहच्या या तेलविहिरीच्या रिगवर कियूमर्सला हाकसुद्धा 'चश्म' अशीच मारत. डोळा! अहवाजच्या कचेरीपासून थेट गचसारानच्या डोंगरांपर्यंत त्याचं हे नाव पोचलं होतं. जमिनीखालचा दगड ओळखावा तर बाबादीने, असं लोक म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते. आता मात्र ते नाव कानावर पडलं की तो घाईने भिंगात डोकं घालायचा.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. या डोंगरांच्या पोटात वर मीठ आणि जिप्समचे थर, त्यांत दाबून बसलेलं खारं पाणी आणि वायू. त्याला वर येऊ द्यायचं नाही म्हणून विहिरीत जड चिखल भरून ठेवायचा. खाली मात्र चुनखडी, भेगाच भेगा, आणि त्या भेगांत तेल आणि गंधकाचा विषारी वायू. तिथे हाच जड चिखल पोचला तर भेगा तो पिऊन टाकतात, विहीर रिकामी होते, आणि मग वरचं काय नि खालचं काय, सगळंच मोकाट सुटतं. दोघांच्या मध्ये एक झाकण आहे, फार जाड नाही. त्या झाकणात अगदी शेवटी एक तपकिरी, तेलकट, पानासारखा पातळ थर असतो. रिगवरचे लोक त्याला दरवान म्हणतात. दरवान दिसला की थांबायचं. पोलादी नळ खाली सोडून विहीर बांधून घ्यायची, चिखल हलका करायचा, आणि मगच दार उघडायचं. दरवानाला न विचारता आत गेलेली विहीर पुन्हा शहाण्यासारखी वागत नाही, आणि ती बिघडते तेव्हा तिच्या तोंडावरच्या माचीवर जो उभा असतो तो पहिला मरतो.

म्हणून शेवटच्या टप्प्यात मीटर-मीटरने जायचं. मीटरभर कापायचं, थांबायचं, चिखल फिरवत राहायचं, म्हणजे खालचा चुरा त्याच्यासोबत वर येतो. चाळणीवर तो गोळा करायचा, धुवायचा, भिंगाखाली धरायचा. आणि मग कियूमर्स बाबादीने म्हणायचं: जा. किंवा म्हणायचं: थांबा. तीन हजार मीटर खाली कुणी जाऊन पाहत नाही. सगळ्यांचा जीव त्या एका शब्दावर.

आणि त्या शब्दाच्या मालकाला आता दिसत नव्हतं.

साखरेचा आजार जुनाच होता. नवरोजच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, सुमारास डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं. अहवाजच्या डॉक्टरांनी आत दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, "काम काय करता?" कियूमर्सने खुशाल सांगितलं, "शिकवतो." डॉक्टर म्हणाले, मग मुलांना वाचून दाखवायला सांगा, रंग तुम्हाला आता नीट कळणार नाहीत. घरी येऊन त्याने माहपारीला, बायकोला, सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय.

लगेच कंपनीला सांगायला हवं होतं, हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण सांगितलं की वैद्यकीय मंडळापुढे उभं करणार, आणि मंडळातून बाहेर पडणारा माणूस चश्म नसतो, कुणीच नसतो. घरी बसून बायकोच्या हातचं पथ्याचं जेवायचं आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या रिगचे दिवे बघायचे, तेही धुकट. या एका भीतीपायी माणूस किती शहाणपणाने मूर्खपणा करतो ते पाहिलं की चीड येते. कियूमर्सने आपलं सगळं डोकं, सगळा अनुभव, दगड ओळखण्याऐवजी न दिसणं लपवण्याच्या कामी लावला.

आणि जमलं की त्याला! जिभेला लावून मीठ कळतं. दाताखाली धरून माती कुठली नि वाळू कुठली ते कळतं. दरवान तर सगळ्यांत सोपा, लायटरवर धरला की तेलाचा वास येतो. वसंतापासून दोन विहिरी त्याने अशाच नाकाने आणि दातांनी पार पाडल्या. त्यातल्या दुसऱ्या विहिरीत घाबरून जरा लवकर थांबवलं होतं. नळ सोडल्यावर कळलं की झाकण अजून खाली आहे. कचेरीने झापलं, सबूरीने तर सगळ्यांदेखत विचारलं, "आगा मोहन्देस, हल्ली स्वप्नात बघून सांगता का?" 'इंजिनिअरसाहेब' म्हणत मारलेला तो टोमणा त्याच्या फार जिव्हारी लागला होता.

रंगासाठी त्याच्याकडे जासिम होता.

जासिम चाळणीवरचा माणूस. शादेगानकडचा अरब, घरी म्हशी, पन्नाशीला आलेला, तोंडाने फटकळ. चुऱ्याची पिशवी घेऊन तो केबिनमध्ये आला की कियूमर्स विचारायचा, "काय जासिम, आज कुठल्या रंगाचा माल?" आणि जासिम मनापासून सांगायचा, "आमच्या काळ्या म्हशीच्या कानाच्या आतला." किंवा, "सबूरी साहेबांच्या खोलीतल्या चहाचा. म्हणजे रंगच नाही." सगळे हसायचे. कियूमर्स हसता हसता मनात लिहून घ्यायचा: गुलाबी-करडा. पांढुरका. आणि अहवालात तेच लिहायचा. जासिमला वाटायचं, मोहन्देस दिलदार आहेत, इतके शिकलेले असून चाळणीवरच्या माणसाशी थट्टा करतात. सुट्टीवरून येताना तो त्यांच्यासाठी मुद्दाम सुकी मासळी आणायचा.

असं चाललं होतं. बदलीचा माणूस गुरुवारी येणार होता. गुरुवारपर्यंत निभावलं की दरवानाचं काम त्याच्या गळ्यात, आणि मग पुढचं पुढे बघू, असा कियूमर्सचा हिशोब. पण कालच कापणीचा नळ खाली अडकला. तो सुटावा म्हणून सबूरीने विहिरीत डिझेल सोडलं. नळ सुटला. पण त्या डिझेलने चिखलाला, चुऱ्याला, पिशव्यांना, जासिमच्या हातांना, सगळ्याला एकच वास लागला. कियूमर्स सकाळपासून लायटर पेटवून बघत होता. जिप्सम जाळलं तरी डिझेल. मीठ जाळलं तरी डिझेल. जिभेवरही तेच. त्याचं नाक गेलं आणि जीभही गेली. राहिले दात, आणि जासिम.

तेव्हाच त्याने उठून जायला हवं होतं. सबूरीची केबिन वीस पावलांवर होती. तो उठलासुद्धा. दारापर्यंत गेला. बाहेर मोर्दाद महिन्याची, ऐन उन्हाळ्यातली दुपार पांढरी फटक पेटलेली, पत्र्याला हात लावला तर चटका बसावा अशी. तो उंबऱ्यात उभा राहून मनात वाक्य जुळवत राहिला. आगा सबूरी, एक सांगायचंय. आगा सबूरी, मला काही दिवसांपासून. तेवढ्यात सबूरीच समोरून आला, कपाळावर आठ्या, हातात फोन.

"अहवाजवाले डोकं खातायत. किती राहिलंय झाकण?"

"आलंच आहे. एक-दोन मीटर."

"मागल्या वेळेसारखं 'आलंच आहे' का खरंच आलंय?"

कियूमर्सच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच वाळून गेलं. "मी सांगेन तेव्हा थांबा," तो ताठ आवाजात म्हणाला. "तोवर मला माझं काम करू द्या."

"करा बाबा करा. चश्म तुम्ही, आम्ही आंधळे," सबूरी म्हणाला आणि निघून गेला. तो चिडून म्हणाला होता. त्यात दुसरं काही नव्हतं. पण कियूमर्स उंबऱ्यातून तसाच मागे फिरला.

तासाभराने माचीवरून खबर आली की चुरा वर आला. जासिम पिशवी घेऊन आत शिरला तो कुरकुरतच. डोळ्यांत डिझेलमिश्रित चिखल उडालेला, त्याने ते गमछ्याने चोळून लालबुंद केलेले.

"हे घ्या. माझे डोळे फुटले तर म्हशी तुम्ही सांभाळा."

"म्हशी सांभाळतो. आधी रंग सांग."

"कसला रंग नि कसलं काय," जासिम पिशवी टेबलावर आपटत म्हणाला. "कालचाच माल, परवाचाच माल. करडा. गाढवाच्या पाठीसारखा करडा. सबूरी साहेबांच्या नशिबासारखा करडा. तुमचा तो दरवान नोकरी सोडून कुवेतला गेला बहुतेक, तिकडं पगार बरा आहे."

कियूमर्स हसला. त्याला किती बरं वाटलं! करडा. म्हणजे दरवान अजून आला नाही. म्हणजे अजून एक मीटर, कदाचित दोन, कदाचित गुरुवार. त्याने चुरा भिंगाखाली धरल्यासारखं केलं, धुकं पाहिलं आणि फोन उचलला.

"नौजर, जा."

"किती?"

"एक मीटर."

"दाजी, संध्याकाळी ताईला फोन लावणार आहे. तुमचं पथ्य मोडतंय म्हणून सांगू का? दुपारी भाताचं काय केलंत ते सगळ्यांनी बघितलंय."

"सांग. आणि तू लपून सिगरेट ओढतोस ते मी सांगतो."

"नको नको. चश्म!"

नौजर म्हणजे माहपारीचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता, माहपारीनेच त्याला वाढवला. लग्न करून आली तेव्हा तिने कियूमर्सला पहिलीच अट घातली की हा माझ्यासोबत येईल. कियूमर्सच्या घरात, कियूमर्सच्या ताटात वाढलेलं पोर ते. रिगवरही त्यानेच आणला. आधी नळांवर, मग मनोऱ्यावर, आणि यंदा ड्रिलर. दांडा त्याच्या हातात. कियूमर्स 'जा' म्हणणार आणि नौजर जाणार.

फोन ठेवून कियूमर्सने सवयीने चुऱ्यातला एक कण उचलला, पाण्याने धुतला आणि दाताखाली धरला.

कण फुटला नाही. तो सुटा झाला. एखादं वाळलेलं पान दाताखाली यावं तसे त्याचे पापुद्रे निघाले.

त्याने दुसरा कण घेतला. पापुद्रे. तिसरा घेतला. तो कुरकुरला, जिप्समसारखा, आणि क्षणभर त्याचा जीव भांड्यात पडला. चौथा पुन्हा पापुद्रेच. करडी माती अशी सुटत नाही. माती चिकटते, विरघळते. अशा पापुद्र्यांचं एकच काहीतरी या खोलीवर असतं, आणि ते करडं नसतं.

त्याने काचेची बशी उचलली आणि धडपडत बाहेर आला. जासिम पत्र्याच्या सावलीत बसून डोळ्यांवर पाणी मारत होता.

"जासिम, बघ इकडं. हा रंग कुठला?"

"अहो सांगितलं ना, गाढवाच्या..."

"गाढव राहू दे! नीट बघ. तुझ्या पोराबाळांची शपथ, नीट बघून सांग."

जासिम दचकला. मोहन्देस असे कधी बोलले नव्हते. त्याने बशी हातात घेतली, उन्हात धरली, डोळे बारीक केले. "हा का? हा तपकिरी आहे. खजुराच्या बीसारखा. सगळा नाही, बराचसा."

"मग मघाशी करडा का म्हणालास?"

"मघाशी?" जासिमला खरंच आठवेना. "मघाशी मी कुठं पाहिलं? माझ्या डोळ्यांत चिखल होता. मी आपलं..." त्याने हसायचा प्रयत्न केला. "तुम्ही रोज विचारता, मी रोज काहीतरी सांगतो. तुम्ही तर भिंगातून बघताच की."

कियूमर्स फोनकडे धावला. घंटी वाजत राहिली. माचीवर पुन्हा कापणं सुरू झालं होतं, त्या गडगडाटात फोन कुणाच्या बापाला ऐकू येणार? त्याने फोन तसाच टाकला आणि पळत सुटला.

केबिनपासून माचीपर्यंतची वाट त्याच्या पायांना पाठ होती. पण पळताना पाठ असलेलंही चुकतं. चिखलाच्या नळावरून तो अडखळला, पालथा पडला, हात सोलले, उठला. जिन्याच्या पायऱ्या त्याला दिसल्या नाहीत, त्याने त्या हातांनी चाचपून घेतल्या आणि रांगत्या पोरासारखा वर चढत गेला. वर चढताना तो ओरडत होता, "थांब! नौजर, थांब! थांब!" आणि मनात एकच चाललं होतं: अजून मीटर झालेला नसेल, देवा, अजून झालेला नसेल, दगड कडक लागलेला असू दे.

माचीवर डोकं निघताच त्याने पुन्हा आवाज दिला. नौजरला तो ऐकू आला आणि त्याने दांडा खाली ओढला. का म्हणून विचारलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. दाजी थांब म्हणाले, थांबला. गडगडाट बसला.

"आता काय झालं?" सबूरी तिथेच उभा होता. "मघाशी जा, आता थांब. काय बघितलंत एवढं?"

"दरवान आलाय. बहुतेक मागे पडलाय. थांबवा, चिखल बघा, लवकर."

"बहुतेक? आगा बाबादी, काय दिसलं ते सांगा, मला कचेरीला कळवायचंय. भिंगात दिसलं ना?"

"नाही."

"मग कशात दिसलं?"

"कशातच नाही!" कियूमर्स ओरडला. "मला दिसत नाही! मला रंग दिसत नाहीत, दगड दिसत नाही, तुझं तोंडसुद्धा दिसत नाही मला! नवरोजपासून दिसत नाही!"

इतके महिने जे वाक्य कियूमर्सला उंबऱ्यात उभं राहून जुळवता आलं नव्हतं ते असं बाहेर पडलं, आणि त्याचा आता काही उपयोग होता की नव्हता तेवढंच कळायचं राहिलं होतं.

खालून, चिखलाच्या हौदावरून, कुणीतरी किंचाळलं, "चिखल चाललाय! हौद रिकामा होतोय! चाललाय सगळा!"

पुढचं फार भराभर झालं. नौजरने खिट्ट्या ओढल्या, माणसांना नावाने हाका मारून खाली पिटाळलं. सबूरी फोनवर ओरडत जिना उतरला. विहिरीतून आधी काहीच आलं नाही. चिखल नुसता खाली जात राहिला, कुणी घोट घेत असावं तसा आवाज करत. मग तो आवाज थांबला. मग खालून एक हुंकार वर येऊ लागला आणि त्याच्या पुढे सडक्या अंड्यांचा वास. या मुलखातलं शेंबडं पोरही त्या वासाला ओळखतं.

नौजर झडपेच्या पेटीपाशी होता. विहिरीच्या तोंडाची झडप बंद करायची मूठ त्याने खेचून धरली होती आणि झडप हवी तेवढी चटकन मिटत नव्हती. कियूमर्सला हे दिसलं नाही, त्याला फक्त त्याचा दमलेला श्वास ऐकू आला आणि तो त्या श्वासाच्या दिशेने गेला.

"मी धरतो. तू जा."

"दाजी, खाली जा."

"नौजर, माझ्यामुळं झालंय हे..."

"ताईला ठाऊक आहे?"

"काय?"

"डोळ्यांचं."

"नाही."

"कमाल आहे तुमची," नौजर म्हणाला. तो रागावलेला नव्हता, एवढं त्याच्या आवाजावरून कळलं. त्यापेक्षा तो रागावायला हवा होता. "जासिम! यांना घेऊन जा! उचलून ने म्हटलं तर उचलून ने!"

जासिम जिन्यात होता. दुसरा कुणी असता तर केव्हाच पळाला असता. त्याने कियूमर्सचा पट्टा धरला आणि त्याला अक्षरशः खेचत खाली आणला. भोंगा वाजायला लागला होता. सगळे वाऱ्याच्या उलट अंगाला, टेकाडाकडे धावत होते. वास मागून आला, घशाला झोंबला आणि मग एकदम नाहीसा झाला. वास नाहीसा झाला म्हणजे वायू गेला असं नाही, उलट. त्या वायूने आधी नाक मरतं. जासिमने गमछा कियूमर्सच्या तोंडावर दाबला आणि टेकाड चढेपर्यंत सोडला नाही.

वर गेल्यावर सबूरीने माणसं मोजायला सुरुवात केली. एकेकाचं नाव घ्यायचा, तो ओरडायचा, "हजर!" कियूमर्स प्रत्येक आवाजाकडे मान वळवत होता. मनोऱ्यावरचा हजर. नळांवरचे हजर. आचारी हजर, धापा टाकत. मग सबूरी थांबला, आणि त्याने नौजर दोस्ती हे नाव घेतलं. कुणीच बोललं नाही. त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा घेताना त्याचा आवाज चिरकला, आणि नावाप्रमाणे कधीच न वागलेला तो माणूस कितीतरी वेळ उत्तराची वाट पाहत तसाच उभा राहिला.

खाली विहिरीचा हुंकार थांबला होता. झडप मिटली होती. रिग उभी होती, पेटली नव्हती, खालच्या खेड्यात चुली चालू होत्या आणि कुणाला काही कळलंही नव्हतं. नौजरने मूठ सोडली नव्हती.

श्वासाची नळकांडी पाठीवर लावून दोघे जण खाली गेले. बराच वेळ गेला. कियूमर्सला टेकाडाखाली फक्त पांढरं ऊन दिसत होतं आणि त्यात काळा डाग.

"जासिम, आले का ते?"

"येतायत."

"चालत येतायत का तिघं?"

जासिमने त्याचा दंड धरला.

"जासिम, मला दिसत नाही रे. तू सांग."

"उचलून आणतायत, आगा," जासिम म्हणाला. "हात खाली लोंबतोय."

कियूमर्स खाली बसला. त्याला माहपारी दिसली, तिला पाहायला डोळे लागत नव्हते. संध्याकाळच्या फोनची वाट बघत ती भाजी निवडत बसली असेल. फोन वाजेल, ती नौजर म्हणून उचलेल. आपण काय सांगणार? कुठून सुरुवात करणार? चष्म्याच्या नंबरापासून? त्याने कपाळ गरम दगडावर टेकवलं आणि जनावरासारखा आवाज त्याच्या तोंडून निघाला. इतकी वर्षं दगड वाचून त्याने पोट भरलं होतं, आणि आता तो नुसता एका दगडावर डोकं आपटत होता. कुणी त्याला धरायला आलं नाही. माचीवर तो काय ओरडला ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

जासिम तेवढा शेजारी बसून राहिला. त्याच्या दोन्ही हातांना डिझेल लागलेलं होतं. तो हात मांडीवर पुसायचा, बघायचा, पुन्हा पुसायचा.

"रोज विचारायचात ते," तो शेवटी म्हणाला. "रंग. ते खरंच विचारायचात?"

"हो."

"सगळे? पहिल्यापासून?"

"हो."

खाली रुग्णगाडी आली, दार उघडल्याचा आवाज झाला, बंद झाल्याचा झाला.

"मग सांगायचंत ना, मोहन्देस," तो म्हणाला आणि पोरासारखा रडायला लागला. "मी नीट बघितलं असतं हो. एवढंच सांगायचंत. मी नीट बघितलं असतं."